अनुभव धागा : सर्व्हरवरची मेल-चाळणी आणि तिचे नियम

मेल सर्व्हरवर नियम लावले म्हणजे पत्र आपण उघडण्याआधीच योग्य फोल्डरमध्ये जाऊन बसते. मात्र नियमातला एखादा पर्याय चुकला, तर पत्र गेले कोठे याचा पत्ता लागत नाही. या कामासाठीची सिव्ह ही भाषा २००१ साली मानक म्हणून मांडली गेली आणि २००८ साली तिची सुधारित आवृत्ती आली. नावाचा अर्थच चाळणी. आपण कोणता पर्याय निवडला आणि त्याने काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

पुण्याहून :
मी एका महाविद्यालयाच्या नोकरी-मार्गदर्शन कक्षाचे मेलखाते सांभाळतो. जाहिरातींचा भडिमार थांबावा म्हणून, विषयात ‘ऑफर’ हा इंग्रजी शब्द असलेली पत्रे ‘डिस्कार्ड’ करावीत असा नियम मी लावला. पुढे एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी आली; तिचे ऑफर लेटर आठवड्यापूर्वीच आमच्याकडे पाठवले होते आणि उत्तर न आल्यामुळे कंपनीने तिला फोन केला होता. मी इनबॉक्स, स्पॅम, कचरापेटी सगळे पालथे घातले. ‘डिस्कार्ड’ केलेले पत्र पाठवणाऱ्याकडे परत जात नाही आणि आपल्याकडे त्याची प्रतही उरत नाही. सर्व्हरच्या लॉगमधली एक ओळ तेवढी सापडली. तिची नोकरी वाचली, परंतु नियम मी त्याच दुपारी बदलला. आता अशी पत्रे ‘फाइलइंटू’ने ‘तपासणी’ फोल्डरमध्ये जातात आणि मी ती रोज सकाळी पाहतो. माणसांकडून येणाऱ्या पत्रांवर ‘डिस्कार्ड’ लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकहून :
एकच पत्र दोन फोल्डरांत दिसत असे, कारण त्याला दोन नियम लागू पडत होते आणि पहिल्याच्या शेवटी, पुढचे नियम थांबवणारे ‘स्टॉप’ लिहिलेले नव्हते.

ठाण्याहून :
बाळंतपणाच्या रजेवर जाताना मी आपोआप उत्तर पाठवणारे ‘व्हेकेशन’ लावले, परंतु कार्यालयाच्या सामाईक पत्त्यावर आलेल्या पत्रांना उत्तर जाईना. पत्र आपल्या स्वतःच्या पत्त्यावर आले असेल तरच हा नियम उत्तर देतो, म्हणून दुसरा पत्ता ‘ॲड्रेसेस’ या पर्यायात नोंदवावा लागला. एकाच व्यक्तीला पुन्हा उत्तर जाण्यातले सात दिवसांचे मूळ अंतर मी तसेच ठेवले.

नांदेडहून :
आमच्या जुन्या सर्व्हरवर मेल चाळण्यासाठी सिव्हऐवजी प्रोकमेल हे सॉफ्टवेअर होते. विषयात ‘निविदा’ शब्द असलेली पत्रे वेगळी काढण्याचा नियम मी तीनदा तपासला, एक वेलांटीही चुकली नव्हती, तरी एकही पत्र हलेना. अखेर पत्राचा मूळ मजकूर उघडला, तेव्हा विषयाच्या ओळीत ‘निविदा’ नव्हतेच. तेथे ‘यूटीएफ-८’ हे लिपी-संकेताचे नाव आणि त्यापुढे रोमन अक्षरे व आकडे यांची लांबलचक साखळी होती, कारण तो देवनागरी विषय बेस-६४ या सांकेतिक रूपात रूपांतरित होऊन आला होता आणि प्रोकमेल तो न उलगडताच ताडून पाहत होते. सिव्हमध्ये विषय आधी उलगडला जातो आणि मग तुलना होते, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हाच शब्द पहिल्याच दिवशी जुळला. मधल्या काळात कचेरीतील मंडळींनी नियम चालावा म्हणून विषय रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली होती. आता ती पुन्हा ‘निविदा’ असेच लिहितात.