मदत हवी आहे: गटात ‘वेदना’ला काय म्हणायचं?

मडगावात आठ आठवड्यांचा एमबीसीटी (सजगतेच्या ध्यानावर आधारलेली मानसोपचार पद्धत) गट, मराठी-कोंकणी मिश्र. पाली या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत वेदना म्हणजे अनुभवाची सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली छटा. आपल्या कानाला मात्र नुसतं दुखणं. ‘वेदना पाहा’ म्हटलं की लोक दुखरी जागा शोधतात, पॅनिकवाल्यांची धडधड वाढते. ‘संवेदना’ म्हटलं तर मुंग्या, उष्णता एवढंच सांगतात; आवड-नावड निसटते. धडधड वाढू नये म्हणून श्वासाऐवजी तळपायांवर लक्ष, उघडे डोळे, तीनच मिनिटं हे आधीच केलंय. काही ख्रिस्ती सदस्यांना पाली शब्द नकोत, ते योग्यच. कोंकणीतलं ‘बरें दिसता’ (बरं वाटतं), ‘वायट दिसता’ (वाईट वाटतं) हे चाललं. अडलंय तिसऱ्या, दोन्ही नसलेल्या छटेवर: ‘कितेंच दिसना’ (काहीच वाटत नाही) म्हटलं की बधिरपणाही त्यातच जातो, आणि मानसिक आघात झालेल्यांत तोच तर वेगळा ओळखायचा असतो. ही तटस्थ छटा बधिरपणापासून वेगळी दाखवणारा बोलीतला शब्द किंवा छोटा प्रश्न कोणी वापरता का?