इंडियन ओशनची गाणी क्रमाने लावा. माझ्या यादीत 'मा रेवा' पहिलं!

तापीकाठचा (प्रकाशा)

गेल्या रविवारी जळगावहून परत येताना गाडीत आम्ही चौघं होतो. अमळनेर सोडल्यावर कुणीतरी 'कंदिसा' अल्बम लावला आणि वाद सुरू झाला. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल आला तरी मिटला नव्हता, म्हणून इथे आणतोय.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियन ओशन १९९० मध्ये दिल्लीत सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला, गायन) यांनी सुरू केला. पुढे राहुल राम (बास, गायन) आणि अमित किलम (ड्रम्स) आले. या चौघांनी जे केलं त्याला रॉक म्हणतात, पण गिटार रागाच्या अंगाने जाते आणि ड्रम्सच्या बाजूला तबला असतो. 'डेझर्ट रेन' १९९७, 'कंदिसा' २०००, 'झिनी' २००३, मग 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमाचं संगीत. टीव्हीवर फारसा न दिसताही हा बँड ज्यांना लागला त्यांना कायमचा लागला.

माझा क्रम:
१. मा रेवा
२. कंदिसा
३. झिनी
४. हिल्ले ले
५. बंदे

'मा रेवा' पहिलं का ते सांगतो. रेवा म्हणजे नर्मदा. आमच्या गावावरून नर्मदेचे परिक्रमावासी जातात. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने काठाची जुनी वाट बुडाली, तेव्हापासून दक्षिण तटाची बरीच मंडळी खेतियाकडून शहाद्याला उतरतात आणि प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातेत जातात. पहाटे पाच वाजता काठीचा आवाज आणि 'नर्मदे हर' ऐकत मी मोठा झालो. आजी उठून चहा ठेवायची. नर्मदा मी पहिल्यांदा पाहिली ती चौदाव्या वर्षी, खलघाटच्या पुलावरून, एसटीच्या खिडकीतून. पण ती आमच्या ओट्यावर रोज येऊन बसायची.

पुढे कॉलेजात हे गाणं ऐकलं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता आणि हे लोकगीत त्याने त्या खोऱ्यातूनच आणलं. भाषा निमाडी. त्यातल्या 'थारो'ला (तुझं) आमच्या घरात 'तुना' म्हणतात, एवढाच फरक. दिल्लीच्या रॉक बँडने आमच्या शेजारणीच्या बोलीत गावं, तेही त्या बोलीला इस्त्री न करता, हे मला आजही मोठं वाटतं. त्याचा जाडाभरडा आवाज, त्याच्याच हातातला बास आणि मागून येणारा असीमचा तबला. माझ्यासाठी या बँडचं सगळं या एका गाण्यात आहे.

आता तुमचा क्रम लिहा. नुसता आकडा नको, कारण लिहा.

भुसावळ_जंक्शन

तापीकाठचे भाऊ, लिहिलंय मनापासून, पण तुम्ही गाण्याला नाही, आजीच्या चहाला पहिला नंबर दिलाय. गाणं आपल्या भागातलं आहे म्हणून वर जात असेल तर मग क्रम कशाला लावायचा?

माझं पहिलं 'कंदिसा'. आणि कारण बरोबर तुमच्या उलटं आहे: त्यातला एकही शब्द मला कळत नाही.

हे केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांचं स्तोत्र, भाषा अरामी. त्यांच्या चर्चमध्ये शतकानुशतकं गायलं जाणारं. बँडने त्याला हात लावताना किती सांभाळून लावलाय ते ऐका. सुरुवातीला कुठलीच घाई नाही. गिटार जागा करून देते, मग असीमचा आवाज येतो. हा माणूस बसून तबला वाजवत वाजवत गायचा हे लक्षात ठेवा. हात एका लयीत आणि गळा दुसऱ्याच संथ वाटेने चाललेला. ज्यांनी कधी भजनात तबला धरून गायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल ते किती अवघड आहे.

आमच्या रेल्वे कॉलनीत शेजारी एक मल्याळी कुटुंब होतं. मी कॅसेट लावली की भिंतीपलीकडे ऐकू जायची. एक दिवस त्यांची आजी दारात येऊन उभी राहिली. तिला हिंदी जेमतेम येत होतं. तिने टेपकडे बोट दाखवलं आणि 'कंदिसा, कंदिसा' म्हणाली. म्हणजे पवित्र, हे तिच्या सुनेने सांगितलं. मग ती खुर्ची ओढून बसली, आणि मी गाणं तीनदा लावलं. माझ्या टेपवर दिल्लीची चार पोरं तिच्या गावचं चर्च घेऊन आली होती.

नदी आपली असेल तर गाणं आवडायला फार कष्ट पडत नाहीत. ज्याच्याशी आपला काही संबंध नाही ते गाणं आतपर्यंत जातं, तेव्हा ते संगीताचं काम. म्हणून एक नंबर.

तापीकाठचा (प्रकाशा)

पण तुम्ही पण आजीच आणली की भाऊ! तुमची शेजारची, माझी घरची. आणि त्या आजीला 'कंदिसा' ऐकून जे झालं, तेच मला 'मा रेवा' ऐकून होतं. तुमचं उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

धुळेकर_पांझरा

'बंदे' पाचवं? पुन्हा विचार करा.

'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातलं गाणं आहे म्हणून दर्दी मंडळी त्याला खाली ढकलतात. शब्द पियूष मिश्रांचे. सिनेमा १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवर, आणि कोर्टाच्या स्थगितीमुळे तो अडकला. २००७ मध्ये थिएटरला लागला, पण गाणं त्याआधीच लोकांपर्यंत पोचलं होतं.

२००८ मध्ये आमच्या शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. मी बारावीत होतो. गल्लीत कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. मोठ्या भावाच्या मोबाईलवर हे गाणं होतं आणि आम्ही दोघं अंधारात एकेक इयरफोन घालून ते ऐकत होतो. माणसाला 'थांब' म्हणणारं गाणं. त्या आठवड्यात आमच्याशी बरोबर बोललेली ती एकच गोष्ट. बाकी टीव्ही, बाकी मोठी माणसं, सगळे काहीतरी भलतंच बोलत होते.

'मा रेवा' सुंदर आहे, 'कंदिसा' सुंदर आहे. 'बंदे' कामाचं आहे. माझ्यासाठी ते पहिलं.

कापूस_पारोळा

सगळे 'कंदिसा' अल्बमच्या मागेच लागलेत. 'डेझर्ट रेन' कुणी ऐकलाय का? १९९७ च्या १ जानेवारीला दिल्लीत, पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात हा अल्बम लाइव्ह रेकॉर्ड झाला. स्टुडिओची सफाई नाही. मला हा बँड तिथेच सगळ्यात खरा वाटतो.

त्यात 'बोल वीव्हिल' आहे. अमेरिकेतलं जुनं लोकगीत, कपाशीच्या बोंडातल्या किडीवरचं. तो भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि तिथली कपाशी खात सुटला. आपल्याकडे तो नाही, आपली गुलाबी बोंडअळी वेगळी. पण २०१७ ला आमच्या शेतात बोंड फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी, असं सगळं रान गेलं होतं. तेव्हा मला कळलं की शंभर वर्षांपूर्वीच्या तिकडच्या शेतकऱ्याने किडीवर गाणं का केलं असेल. फवारून फवारून हात टेकले की माणूस त्या किडीशी बोलायलाच लागतो. आमचे वडील बोलायचे. 'खाय बाई खाय, मना वाटानं बी खाय.'

पहिलं 'बोल वीव्हिल', दुसरं 'मा रेवा'. तिसऱ्याचं नंतर बघू, वेचणी चालू आहे.

भुसावळ_जंक्शन

पारोळ्याच्या दादांनी 'डेझर्ट रेन' काढला, बरं केलं. तो अल्बम राहूनच गेला होता.

आणखी एक मुद्दा मांडतो. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. २०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. त्यांच्यानंतर आलेला हिमांशू जोशी छान गातो, निखिल राव चांगला गिटारवाला आहे, मी त्यांचे कार्यक्रम ऐकलेत. पण क्रम लावताना मी 'कंदिसा' म्हणतो तेव्हा तो असीमचा 'कंदिसा'. 'मा रेवा' राहुल रामच्या गळ्यातलं, ते आजही तसंच ऐकता येतं. 'कंदिसा' आता रेकॉर्डवरच उरलाय. मला वाटतं, त्यामुळेही त्याची जागा वरची.

तापीकाठचा (प्रकाशा)

हे मात्र मान्य नाही. माणूस गेला म्हणून गाणं वर चढत नाही. असीम असतानाही तुम्ही तेच पहिलं म्हणाला असता, मग ते कारण मध्ये आणू नका.

वसाहतीतला

मी सहसा लिहीत नाही. पण वर 'मा रेवा'वर एवढं बोलणं झालं म्हणून लिहितो.

आमचं गाव अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या अगदी काठावर होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, त्यातलं एक. आता आम्ही तळोद्याच्या बाजूला पुनर्वसन वसाहतीत आहोत. घरी पावरी बोली बोलतो.

तापीकाठचे भाऊ, तुमच्या ओट्यावर रेवा यायची हे वाचून बरं वाटलं. पण मी 'मा रेवा' यादीतच घेत नाही. ते गाणं खळखळ वाहणाऱ्या, निर्मळ पाण्याचं आहे. आमच्या गावावर जे पाणी आहे ते वाहत नाही. ते उभं आहे. होडीतून गेलं की वडील सांगतात, खाली इथे आंब्याची झाडं, इथे देवाची जागा, इथे आपलं घर. वर काहीच दिसत नाही. असं पाणी पाहून आल्यावर ते गाणं मला ऐकवत नाही. गाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही.

माझं पहिलं 'हिल्ले ले'. गोरख पांडेंची भोजपुरी कविता. लोकांची पलटण येते आणि दुनिया हलते, एवढंच सांगणं. लहानपणी मी अशा मोर्च्यांत वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय. ढोल, पावरी (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) आणि घोषणा सगळं एकत्र यायचं, आणि जमीन खरंच हलतेय असं वाटायचं. पुढे गाव गेलं ते गेलं. पण ते हलणं खोटं नव्हतं. त्या गाण्यात ड्रम्स आणि तबला एकदम येतात तेव्हा मला तो खांदा आठवतो.

धुळेकर_पांझरा

दादा, यावर काय लिहू कळत नाही. 'हिल्ले ले' मी आजवर नाचायचं गाणं म्हणून ऐकत आलो. आज रात्री पुन्हा ऐकतो.

तापीकाठचा (प्रकाशा)

दादा, तुमचं दोनदा वाचलं. तुमच्या वसाहतीवरून मी कितीदा तरी गेलो असेन, आणि आमच्या दारातले परिक्रमावासी रस्त्याने का येतात हेही मीच वर लिहिलंय. त्याच पाण्याने तुमचं गाव घेतलं, हे दोन्ही एकत्र कधी मनात आलं नाही. ती माझी चूक.

तरी माझा पहिला नंबर मी बदलत नाही, आणि तो तुमच्यासमोर सांगतो. नदी वाहत होती तेव्हाचं पाणी आता त्या गाण्यातच वाहतंय. माझ्या मुलीने नर्मदा पाहिली तीही धरणाचं पाणी म्हणून. वाहती नर्मदा तिला मी कुठे दाखवू? 'हिल्ले ले' मात्र चौथ्यावरून दुसऱ्यावर घेतो.

वसाहतीतला

नंबर बदलू नका भाऊ, तुमचा तुम्ही ठेवा. मी मागे एकदा वडिलांना 'मा रेवा' ऐकवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, आवाज बरा आहे त्याचा, पण गाणं फार जोरात पळतं. उन्हाळ्यात आपल्या घाटाजवळ ती एवढी पळत नव्हती. गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता यायचं.

भुसावळ_जंक्शन

दादा, वडिलांना 'कंदिसा' पण ऐकवा एकदा. ते हळू आहे. काय म्हणतात ते इथे लिहा.