कर्नल अद्ययावत केल्यानंतर आयओ-युरिंगमधील फाइल-नोंदणी अयशस्वी होते: कारण कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. सी भाषेत लिहिलेली माझी एक सेवा आहे. ती असंख्य लहान फाइली आयओ-युरिंगच्या (वाचन-लेखनाच्या विनंत्या सामायिक रांगांतून कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, देण्याची लिनक्समधील सोय) साहाय्याने वाचते आणि त्यांचे चेकसम काढून ठेवते. सुरू होतानाच ती ४०९६ घरांचा फाइल-तक्ता कर्नलकडे नोंदवते. त्या वेळी प्रत्येक घरात -१ असते, म्हणजे तक्ता पूर्ण कोरा असतो, आणि पुढे जसजशा फाइली उघडल्या जातात तसतशी त्यातली घरे भरली जातात. एका वेळी उघड्या असलेल्या फाइलींची संख्या दोनशेच्या वर गेल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. घरांची संख्या मात्र सुरुवातीलाच ऐसपैस ठेवली होती.

गेल्या आठवड्यात सर्व्हरवरचे लिनक्स कर्नल ५.८ वरून ५.१५ वर नेले. सेवेचा प्रोग्रॅम तोच आहे, तो पुन्हा कंपाइलही केलेला नाही. तरीही तेव्हापासून सेवा सुरू होताच बंद पडते आणि लॉगमध्ये एवढीच ओळ उरते: «फाइल-नोंदणी अयशस्वी, त्रुटी -१».

त्रुटी क्रमांक १ म्हणजे ईपीईआरएम, अर्थात परवानगी नाकारली, असे समजून मी दोन दिवस परवानग्यांच्या मागे घालवले. सेवा रूट म्हणून चालवून पाहिली, एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा-नियमांची यंत्रणा) तात्पुरते शिथिल केले, सेवेवरची सेककॉम्पची गाळणी (कोणते सिस्टम कॉल करता येतील हे ठरवणारी) काढली. कशानेही फरक पडला नाही.

दोन गोष्टींचा मला उलगडा होत नाही. एक म्हणजे, हाच प्रोग्रॅम मी टर्मिनलमधून हाताने चालवला की नोंदणी निर्वेध होते. दुसरी म्हणजे, लिबयुरिंग (आयओ-युरिंग सोपे करणारी सी लायब्ररी) वापरून मी एक छोटा चाचणी-प्रोग्रॅम लिहिला, तो त्याच वापरकर्त्याच्या नावे, सिस्टमडीची (लिनक्समधील सेवा चालवणारा प्रोग्रॅम) सेवा म्हणूनच चालवला, त्यातही ४०९६ कोरी घरे नोंदवली, आणि तो चालला. माझी मूळ सेवा लिबयुरिंग वापरत नाही, ती सिस्टम कॉल (कर्नलला केलेली विनंती) थेट करते. हा ५.१५ मधला दोष समजायचा का? दोन्ही आवृत्त्यांमधले बदल बायसेक्ट करून, म्हणजे निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोधून, पाहायची माझी तयारी आहे.

पहिले उत्तर

बायसेक्टला इतक्यात हात घालू नका. ५.८ पासून ५.१५ पर्यंत सात आवृत्त्या होतात आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. निम्म्या-निम्म्याने शोधत गेले तरी साधारण १७ वेळा कर्नल बांधून यंत्र पुन्हा सुरू करावे लागेल. तुमच्या प्रश्नात त्याआधी पाहण्यासारखे बरेच काही आहे.

पहिला संशय मला तुमच्या लॉगच्या ओळीबद्दलच आहे. लिबयुरिंगची फंक्शने अपयश आले की त्रुटीचा क्रमांकच उणे करून परत देतात. तिथे -१ मिळाले तर त्याचा अर्थ खरोखरच ईपीईआरएम होतो. तुम्ही मात्र सी लायब्ररीच्या सिस्कॉल या फंक्शनमधून थेट कॉल करता. ते फंक्शन कोणत्याही अपयशाला -१ हेच उत्तर देते आणि खरे कारण एररनोमध्ये (त्रुटीचा क्रमांक ठेवणारे चल) ठेवते. म्हणजे लॉगमधले -१ तुम्हाला फक्त «काम झाले नाही» इतकेच सांगते आहे, आणि परवानगीचा संबंध तुम्ही स्वतः जोडला आहे. ही गल्लत फार सहज होते, कारण एकच आकडा दोन्ही ठिकाणी वेगळ्या अर्थाने वावरतो.

शिवाय परवानगीचा प्रश्न असता तर तो बहुतेक आधीच्या पायरीवर दिसला असता. नोंदणी करायची तर आधी रिंग (आयओ-युरिंगची सामायिक रांग) तयार व्हावी लागते, आणि तुमची रिंग तयार होते आहे. आयओ-युरिंग संपूर्ण यंत्रावर बंद करणारी सिसिटीएलची (कर्नलच्या सेटिंग चालू असताना बदलण्याचा मार्ग) सोय कर्नलमध्ये ६.६ पासून आली, म्हणून ५.१५ मध्ये तिचा विचार करण्याचे कारण नाही.

आता कृपया हे करा. सेवा एस्ट्रेसखाली (प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल नोंदवणारे साधन) चालवा, सर्व थ्रेडचा माग घेण्याचा पर्याय द्या आणि फक्त आयओ-युरिंगच्या सेटअप व रजिस्टर या दोन कॉलपुरती गाळणी लावा. रजिस्टरच्या ओळीच्या शेवटी त्रुटीचे नाव येईल, ते जसेच्या तसे इथे लिहा. तोच प्रयोग चाचणी-प्रोग्रॅमवरही करा, पण तिथे गाळणी न लावता, कारण त्या कॉलच्या मागेपुढे काय घडते हे मला पाहायचे आहे. सोबत दोन्ही प्रोसेसच्या प्रॉक-निर्देशिकेतील लिमिट्स ही फाइल वाचून «मॅक्स ओपन फाइल्स» या ओळीतले आकडे द्या.

प्रश्नकर्ता

आपला अंदाज बरोबर निघाला. एस्ट्रेसमध्ये सेवेच्या रजिस्टर कॉलपुढे ईपीईआरएम नाही, ईएमफाइल आहे, म्हणजे त्रुटी क्रमांक २४, आणि त्यासमोरचा मजकूर «उघड्या फाइली फार झाल्या» या अर्थाचा आहे. परंतु त्या क्षणी सेवेने उघडलेल्या फाइली मी मोजल्या, त्या केवळ ९ भरल्या. नऊ फाइलींना «फार» कसे म्हणायचे, हे मला कळत नाही.

चाचणी-प्रोग्रॅमची नोंद अधिक चमत्कारिक आहे. त्याचाही पहिला कॉल ईएमफाइलनेच परत येतो! त्यानंतर तो प्रोसेसची मर्यादा वाचतो, ती वाढवतो, तोच रजिस्टर कॉल पुन्हा करतो आणि या वेळी यश मिळते. यातले काहीही मी लिहिलेले नाही.

मॅक्स ओपन फाइल्सचे आकडे असे आहेत. सेवेची सॉफ्ट लिमिट (प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा) १०२४ आणि हार्ड लिमिट (सॉफ्ट लिमिट जिथवर वाढवता येते ती कमाल) ५२४२८८. चाचणी-प्रोग्रॅमची नोंदणीनंतरची सॉफ्ट लिमिट ५१२०, हार्ड लिमिट तीच. टर्मिनलमध्ये पाहिले तर सॉफ्ट लिमिट ६५५३६ आहे. दुसऱ्या एका कामासाठी मी ती शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये पूर्वी केव्हातरी वाढवून ठेवली होती, हे मला आता आठवले.

दुसरे उत्तर

आपण दिलेल्या आकड्यांतच सगळे उत्तर आहे, ते क्रमाने मांडतो.

५.१५ मध्ये आयओ-युरिंगच्या फाइल-नोंदणीत एक नवी तपासणी आली. नोंदवायच्या तक्त्यात जितकी घरे आहेत ती संख्या प्रोसेसच्या आरलिमिट-नोफाइल (उघड्या फाइलींची मर्यादा) या सॉफ्ट लिमिटपेक्षा जास्त असेल, तर कर्नल ईएमफाइल देऊन नोंदणी नाकारते. ही तपासणी उघड्या फाइली मोजत नाही, तक्त्याची लांबी मोजते. घरात खरी फाइल आहे की -१ आहे, याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. म्हणून नऊ उघड्या फाइली असतानाही तुमची ४०९६ घरे १०२४ च्या मर्यादेला जाऊन धडकली. त्रुटीचा मजकूर जुनाच आहे, तो उघड्या फाइलींबद्दल बोलतो, आणि त्यामुळे वाचणारा चुकीच्या दिशेला जातो. या तपासणीत विशेषाधिकारांची सवलत ठेवलेली नाही, म्हणून रूट होऊनही तुमचे काम झाले नाही.

टर्मिनलमध्ये मर्यादा ६५५३६ होती, म्हणून तिथे अडचण आलीच नाही. चाचणी-प्रोग्रॅमचे कारण लिबयुरिंगमध्ये आहे. अलीकडच्या लिबयुरिंगमध्ये नोंदणीचे फंक्शन ईएमफाइल मिळाले की एकदाच सॉफ्ट लिमिटमध्ये घरांची संख्या मिळवते आणि पुन्हा प्रयत्न करते. १०२४ अधिक ४०९६ म्हणजे ५१२०, आणि नेमका हाच आकडा तुम्हाला लिमिट्सच्या फाइलमध्ये दिसला. थेट सिस्टम कॉल करणाऱ्याच्या वाट्याला ही मदत येत नाही.

एवढ्यावर विश्वास ठेवण्याआधी एक साधी पडताळणी करा. मर्यादा १०२४ च ठेवा आणि सेवेतील घरांची संख्या एकदा १०२४ व एकदा १०२५ करून चालवा. पहिली नोंदणी यशस्वी आणि दुसरी अयशस्वी झाली, तर कारणाबद्दल शंका उरणार नाही. मी असे सीमेवरचे दोन आकडे नेहमी घेतो, कारण मर्यादा भरमसाट वाढवून «आता चालले» असे म्हटले तर नेमके कशामुळे चालले हे कळत नाही.

हा कर्नलमधला दोष आहे असे मला वाटत नाही. नोंदवलेला तक्ता कर्नलची स्मृती घेतो, आणि पूर्वी कोऱ्या घरांच्या संख्येवर वापरकर्त्याच्या मर्यादेचा काहीच अंकुश नव्हता, ५.८ मध्ये ३२७६८ घरांची एकच सरसकट कमाल होती. नवी तपासणी याच हेतूने आली आणि तिच्यासोबत तक्त्याची स्मृती सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) हिशेबातही धरली जाऊ लागली. सेवेवर मेमरीची घट्ट मर्यादा घातलेली असेल तर पुढे कधी याच कॉलवर ईएनओएमईएम (स्मृती अपुरी) दिसू शकेल, तेव्हा हे ध्यानात असू द्या. अशा दुरुस्त्या जुन्या स्थिर शाखांमध्येही मागाहून उतरवल्या जातात, त्यामुळे केवळ आवृत्तीच्या आकड्यावरून तपासणी आहे की नाही हे ठरवू नका. वरचा १०२४-१०२५ चा प्रयोग अधिक भरवशाचा आहे.

याच कॉलवर दुसरी त्रुटी आली तर कारणही वेगळे असते. ईबिझी म्हणजे त्या रिंगवर आधीच एक तक्ता नोंदलेला आहे आणि तो आधी काढायला हवा. ईबॅडएफ म्हणजे यादीतील एखादा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) बंद झालेला आहे, किंवा खुद्द आयओ-युरिंगच्या रिंगचाच डिस्क्रिप्टर यादीत गेला आहे. ६.० पासून मिळणारा सिंगल-इश्युअरचा (एकाच थ्रेडने विनंत्या देण्याचा) ध्वज लावला असेल आणि नोंदणी दुसऱ्याच थ्रेडने केली, तर ईएक्झिस्ट मिळते. एकूण काय, त्रुटीचे नाव हाती असल्याशिवाय तर्क लढवण्यात अर्थ नसतो.

उपाय म्हणून माझी पसंती घरांची संख्या कमी करण्याला आहे. दोनशे फाइलींना ५१२ घरे पुरून उरतात. तेवढ्याने भागत नसेल, तर सेवेच्या युनिट फाइलमध्ये लिमिट-नोफाइल वाढवण्यापेक्षा प्रोग्रॅमनेच नोंदणीपूर्वी आपली सॉफ्ट लिमिट हार्ड लिमिटच्या आत वाढवून घ्यावी. मग तो कुठूनही चालवला तरी सारखाच वागेल, आणि टर्मिनल व सेवा यांच्यातला जो फरक तुम्हाला चकवून गेला तो राहणार नाही.

तिसरे उत्तर

वरील विवेचन मला मान्य आहे, फक्त मर्यादा वाढवणाऱ्यांसाठी एक काळजीची गोष्ट सांगतो. सॉफ्ट लिमिट आजही १०२४ वर ठेवली जाते, त्यामागे सिलेक्ट या, अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या, जुन्या कॉलचे कारण आहे. त्याच्या संचात ० ते १०२३ एवढेच डिस्क्रिप्टर मावतात. त्यापुढचा क्रमांक त्यात घातला तर प्रोग्रॅम स्मृतीच्या भलत्याच जागी लिहितो आणि बिघाड दुसरीकडे कुठेतरी उघडकीस येतो. मर्यादा वाढवली म्हणून असे लगेच होत नाही, प्रत्यक्ष क्रमांक १०२४ किंवा त्यापुढे गेला तरच होते. तरीही तुमच्या लायब्ररींपैकी एखादी सिलेक्ट वापरते का, हे पाहून ठेवावे.

प्रोसेसच्या मर्यादा तिने सुरू केलेल्या उपप्रोसेसकडे वारशाने जातात, हेही विसरू नये. नवी तपासणी केवळ नोंदणीच्या क्षणी होते, म्हणून नोंदणी झाल्यावर सॉफ्ट लिमिट पूर्ववत केली तरी नोंदलेला तक्ता कायम राहतो. मी माझ्या कामात हेच करतो: मर्यादा वाढवतो, तक्ता नोंदवतो आणि लगेच जुना आकडा परत बसवतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. सीमेवरचा प्रयोग करून पाहिला. मर्यादा १०२४ असताना १०२४ घरांची नोंदणी झाली आणि १०२५ घरांवर ईएमफाइल आले. त्यानंतर तक्ता ५१२ घरांवर आणला, मर्यादेला हात लावला नाही. सेवा ५.१५ वर सुरू आहे, आणि एसईलिनक्स व सेककॉम्पची गाळणी दोन्ही पुन्हा पूर्ववत केली आहेत.

लॉग लिहिणारा भागही दुरुस्त केला. कॉल परतताच एररनो आता स्वतंत्र चलात जपून ठेवतो, कारण मधल्या एखाद्या फंक्शनमध्ये तो बदलू शकतो, आणि नंतरच संदेश तयार करतो. १०२५ घरांच्या प्रयोगात नव्या लॉगमध्ये ही ओळ आली: «फाइल-नोंदणी अयशस्वी: त्रुटी २४, ईएमफाइल, मागितलेली घरे १०२५, सॉफ्ट लिमिट १०२४».