निफाडकडच्या पणजोबांच्या मागची पिढी कशी शोधावी?

प्रश्न
गाव निफाड तालुक्यात. सातबाऱ्यावर वडील-चुलत्यांची नावं आहेत, आजोबांचं कंसात. पणजोबांचं फक्त पहिलं नाव ठाऊक आहे, ते १९४०च्या सुमारास वारले. त्यांच्या वडिलांचं नाव आणि घराण्याचं मूळ गाव हवंय. जनगणनेच्या कागदांत मिळेल का?

गोदाकाठ
जनगणनेच्या मागे लागू नका. १९४८च्या कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय आहे. स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षांनी नावं खुली होतात, तसं आपल्याकडे नाही.

इथे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, धरायचा. हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. त्याची नक्कल काढली की वारस नोंद मिळते: मयत कोण, कधी वारले, वारस कोण, नातं काय. मग त्याआधीचा सातबारा घ्या, त्यातलं वर्तुळ शोधा, पुन्हा फेरफार. १९३०च्या मागे गेलात की क-ड-ई पत्रक (जमिनीच्या हक्काची जुनी नोंद) मागा. नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

बहुतेकांची गाडी गट नंबरावर अडते. जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट पडले, त्याआधी सर्व्हे नंबर होते, त्यामुळे आजच्या गट नंबराने जुनं काहीच सापडत नाही. आधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या आणि जुना नंबर जुळवा.

मोडीवाचक
दादा, मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत) बघा. अंदाजाच्या पाच वर्षं मागे-पुढे चाळा. मयताच्या नावासोबत बापाचं नाव सापडण्याची शक्यता इथेच जास्त. जन्माच्या नोंदीत मात्र बाळाचं नाव नसतं बऱ्याचदा, नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’.

जुन्या कागदात आडनाव शोधू नका. ‘रामा बिन सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा रामा. ‘भागीरथी कोम रामा’ म्हणजे रामाची बायको. एका गावात असे दोन-तीन रामा निघतात, म्हणून सर्व्हे नंबर आणि भावांची नावं जुळल्याशिवाय आपलाच माणूस असं ठरवू नका. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. वाचून घेताना गावातली पाच-सहा नावं देवनागरीत लिहून सोबत द्या, वाचणाऱ्याला अक्षराची लकब पटकन कळते. कागदावर शालिवाहन शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा; जानेवारी ते फाल्गुनअखेरची तिथी असेल तर ७९.

पंचवटीकर
मूळ गावासाठी तीर्थोपाध्यायांच्या (तीर्थक्षेत्री विधी करणाऱ्या गुरुजींच्या) वह्या पाहाव्यात, रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्याही. नुसत्या आडनावाने वही उघडत नाही. आडनाव, जात आणि गाव तिन्ही सांगावं लागतं, कारण गावं उपाध्यायांमध्ये वाटलेली असतात. घरातल्या अस्थी रामकुंडात कधी सोडल्या ते साल कळलं तर पान लवकर सापडतं. तिथे आलेला माणूस भावांची, मुलांची, वडील-आजोबांची नावं लिहून सही किंवा अंगठा करून जातो. पानाचा फोटो घेण्याआधी गुरुजींना विचारा.

गोदाकाठ
एक राहिलं. नाशिक जिल्हा १८६९ला झाला, निफाडचा भाग त्याआधी अहमदनगरकडे होता. त्यामागचं काही हवं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात परगण्याच्या (जुन्या महसुली विभागाच्या) नावाने विचारा, तालुक्याच्या नव्हे.