सातच्या आत ताटावर? मग बदलापूरकरांनी काय करायचं?

बदलापूर_लोकल (रात्री ११:५२)

मागच्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. वय ४३. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण दारात येऊन उभा आहे. कागदावर तीन ओळी लिहून दिल्या : रात्रीचं जेवण सातच्या आत, दहाला झोप, रोज ४५ मिनिटं चालणं. पहिली ओळ वाचून मला हसू आलं. ते म्हणाले, हसताय काय?

हसू नको तर काय करू? सातला मी घाटकोपरच्या आसपास असतो, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर, अर्धा आत अर्धा बाहेर. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. घरी पोचायला साडेआठ. हातपाय धुऊन, पोराच्या वहीवर सही करून ताटावर बसेपर्यंत सव्वानऊ. झोपायला पावणेबारा, उठायला साडेपाच. हे आजचं नाही, चौदा वर्षं असंच चाललंय.

माझं म्हणणं असं की सातच्या आत जेवा हा सल्ला ज्याचं घर आणि कचेरी एकाच पिनकोडात आहे त्याच्यासाठी आहे. आमच्यासारख्यांनी जेवणाच्या वेळेशी मारामारी करण्यापेक्षा झोपेची वेळ धरावी. सव्वानऊला जेवा, पण थोडं जेवा आणि साडेदहाला दिवा बंद. तेवढं जमलं तरी पुष्कळ. पटत नसेल तर हाणा.

लातूरकर_२ (रात्री १२:१०)

पटत नाही. सात की नऊ हा प्रश्नच दुय्यम आहे. मूळ प्रश्न दिवसातून किती वेळा तोंड चालतं हा आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलं ते हेच : कडकडून भूक लागेल तेव्हा दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नाही. प्रत्येक खाण्याला इन्सुलिन सुटतं, म्हणून सुटण्याच्या वेळा कमी करा. मी चार वर्षं करतोय. सकाळी दहाला आणि रात्री आठला. पोट उतरलं, दुपारची पेंग गेली. बदलापूरकर, तुमच्या दिवसात जेवणं किती आणि 'थोडंसं'च किती, ते आधी मोजा. कटिंग, बिस्किट, स्टेशनवरचा वडापाव, सगळं धरून.

बदलापूर_लोकल

मोजलं. सात वेळा. वडापाव धरून आठ.

सदाशिव_पेठ_३० (सकाळी ६:०५)

आधी एक नम्र निरीक्षण. लवकर झोपण्याचा धागा रात्री ११:५२ ला निघतो आणि त्यावर १२:१० ला उत्तर येतं. चालू द्या.

लातूरकर, २०१८-१९ च्या सुमारास घराघरात दोन तट पडले होते ते आठवतंय ना? एकीकडे तुमचं दोनदाच जेवा, दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खा, भात-तुपाला घाबरू नका. आमच्या घरात मी एका तटात, ही दुसऱ्या. एकाच टेबलावर एक उपाशी, एक खातंय. वजन दोघांचंही उतरलं नाही, कारण रविवारी दोघेही मिसळ खायला एकत्र. तेव्हापासून माझा कुठल्याही पंथावर विश्वास नाही. आमचे आजोबा दोन घास कमी खायचे, जेवून शतपावली घालायचे, ब्याऐंशी वर्षं जगले. आजीही तशीच. पूर्वीच्या लोकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

कुकरची_शिट्टी (सकाळी ११:२०)

आजीचं काढलंत म्हणून लिहिते, एरवी वाचून सोडून दिलं असतं. माझीही आजी लवकर उठायची. चारला. कारण चूल पेटवायची असायची. आणि जेवायची सगळ्यात शेवटी, उरलेल्यात. तिची शतपावली मोरीपासून चुलीपर्यंत.

आता मूळ मुद्दा. इतक्या प्रतिसादांत एकानेही विचारलं नाही की सातला जेवायचं तर साडेपाचला कणिक कोण मळणार? मी ठाण्याला नोकरी करते, घर डोंबिवली. सहा वाजता सुटते. घरात शिरले की चपला काढायच्या आधी कुकर. तीन शिट्ट्या होईस्तोवर भाजी चिरायची, मग पोळ्या. नवरा चांगला आहे, ताटं घेतो. (ताटं घेतो याचं कौतुक सासूबाई शेजारी सांगतात.) आठला जेवलो तर मी जिंकले म्हणते. मग ओटा, भांडी, उद्याच्या डब्याची तयारी. माझी झोप जेवणाच्या वेळेवर नाही, ओट्याच्या वेळेवर ठरते. डॉक्टरांनी पुरुषाच्या कागदावर 'जेवण सातच्या आत' लिहिलं की ती चिठ्ठी खरं तर बायकोच्या नावाची असते.

जयसिंगपूरची_लेक (दुपारी १:४०)

ताईंशी शंभर टक्के सहमत, पण 'जमत नाही'शी नाही. आम्ही मराठी जैन. माहेरी सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि हे कोणी वजनासाठी करत नव्हतं. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पावणेसहाला ताटं. वडिलांचं किराणा दुकान, नेमकी गर्दीची वेळ. मग काय? डबा दुकानात जायचा. गल्ल्यामागे पोत्यावर बसून दादा दहा मिनिटांत जेवायचे, तेवढ्यात मी सुटे पैसे सांभाळायची. गिऱ्हाईकही थांबायचं, कारण त्यालाही माहीत होतं. घरी येऊन जेवायचं हा हट्ट सोडला की वेळ सापडते. बदलापूरकर, तुम्हाला सातला घरी जेवायचंय की सातला जेवायचंय?

खरी अडचण वेगळी आहे. मी आता पुण्यात फ्लॅटमध्ये एकटीच सहाला जेवते. मग नऊला घरचे जेवतात तेव्हा मी बाजूला बसून पापड मोडते. माहेरी सगळी गल्लीच जेवलेली असायची, मोह कशाचा होणार?

नाशिकचा_डॉक्टर (दुपारी ३:१५)

पेशाने जनरल प्रॅक्टिस, म्हणून थोडं सांगतो. सल्ल्यामागे कारण आहे. तेच ताट सकाळी खाल्लं तर साखर जितकी चढते, त्याहून रात्री जास्त चढते. अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, वाढू लागतं आणि स्वादुपिंडाचा इन्सुलिन सोडायचा हात आखडतो. शरीराच्या या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय, तेव्हा ही आजीबाईची गोष्ट नाही. दुसरं, भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर येतं. जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तास हवेत ते यासाठी. बदलापूरकरांची सव्वानऊला जेवण, साडेदहाला दिवा बंद ही योजना इथेच लंगडते. झोप वाढेल, छातीत जळजळही वाढेल.

पण त्यांचं अर्धं बरोबर आहे आणि आम्ही डॉक्टर ते अर्धं विसरतो. पावणेसहा तास झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती वरणभाताची नसते, गोडाची-तळणीची असते. ते आठव्या वेळचं खाणं झोपेचं कर्ज आहे. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेतच.

लातूरकर, दोन वेळांनी पुष्कळांना फायदा होतो, मीही पाहिलाय. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी हे वाचून परस्पर सुरू करू नये. साखर एकदम खाली जाऊन पेशंट घाम फुटलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणलेले आहेत.

आणि चहा. चारचा चहा रात्री नऊला अंगात निम्मा शिल्लक असतो, असं ढोबळ धरा. साडेसहाला गाडीत बसण्याआधीचा कटिंग मोजलात का?

लातूरकर_२

गोळ्यांबद्दल मान्य. दीक्षितसरही सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासायला सांगतात. लोक तेवढं सोडून बाकीचं फॉरवर्ड करतात त्याला कोण काय करणार.

रात्रपाळी (पहाटे ४:३०)

सातच्या आत म्हणजे सकाळच्या की संध्याकाळच्या?

मी नर्स आहे, महिन्यात आठ-दहा रात्री. वॉर्डात आत्ता सगळे झोपलेत आणि मी शेवचिवडा खातेय. भूक नाही. चारला डोळे मिटायला लागतात म्हणून दातांना काम. सकाळी घरी गेले की ऊन, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचं ड्रिल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, २०१९ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. आमच्याकडे या माहितीचं काय झालं? नोटीस बोर्डवर लागली, दिवाळीच्या ड्यूटी लिस्टच्या खाली.

मी केलेलं एवढंच : रात्रपाळीत खरं जेवण निघण्याआधी साडेसातला घरी, मधे एक वाटी मुगाची खिचडी बाराच्या आत, नंतर पाणी. सकाळी काळा चष्मा लावून घरी येते, खोलीला जाड चादरीचा पडदा. सोसायटीत मला 'हिरोईन' म्हणतात. चिवडा सुटलेला नाही, बघताय ना.

म्युनिकचा_मावळा (दुपारी २:००)

इकडे जर्मनीत संध्याकाळचं जेवण म्हणजे 'आबेंडब्रोट' : पाव, चीज, काकडी, झालं. गरम जेवण दुपारी. जुन्या घरांत अजून साडेसहाला आटपतात. कारण शिस्त नव्हे, स्वयंपाकच नाही. शिट्टीताई, तुमच्या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे. संध्याकाळी चूल पेटवायचीच का?

कुकरची_शिट्टी

मावळे, सुचवलंत छान. आमच्याकडे दुपारी बारा डिग्री नसते. आणि रात्री गार पाव काकडी वाढली तर 'आज बरं नाही का?' असं विचारतील. मला नाही, पावाला.

सदाशिव_पेठ_३०

हसलो. आजीबद्दलचं मागे घेतो. शतपावलीबद्दलचं नाही. आणि वामकुक्षीला कोणी नावं ठेवू नका. शब्दच सांगतो, डाव्या कुशीवर. डॉक्टर, डाव्या कुशीवर आम्ल कमी वर येतं हे खरं ना?

नाशिकचा_डॉक्टर

खरं आहे. पण वामकुक्षी म्हणजे वीस मिनिटं. तुमच्याकडे दुकानं एक ते चार बंद असतात.

दोन_पोरांची_आई (रात्री ९:५०)

मुलांचं कोणी बोलतच नाहीये. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला, मुलांची झोप होत नाही म्हणून. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी आधी तो विषय काढला होता. मी पेढे वाटायची बाकी होते. मग काय झालं? धाकटी तिसरीत, ती साडेसहाला उठायच्या ऐवजी आठला उठायला लागली आणि म्हणून रात्री दहाला झोपायच्या ऐवजी साडेअकराला झोपायला लागली. कारण बाबा साडेनऊला येतात आणि तिला बाबा हवे असतात. थोरला सातवीत, त्याची बस अजून सहा पन्नासलाच. झोप घड्याळात नसते हो, घरात जो शेवटचा आत येतो त्याच्या चपलांच्या आवाजात असते. बदलापूरकरांच्या साडेदहाच्या दिव्याला माझा पाठिंबा. जेवण होईल तेव्हा होईल, पण दिवा एकदमच सगळ्यांचा बंद.

जयसिंगपूरची_लेक

आणि बाबांनी गाडीत जेवून यावं. मग साडेनऊपासूनचा वेळ लेकीचा.

बदलापूर_लोकल (तीन आठवड्यांनी, रात्री ९:४०)

धागा वर काढतोय, हिशोब द्यायला.

जयसिंगपूरच्या ताईंचा गल्ला डोक्यातून जाईना. पहिल्या सोमवारी डबा घेऊनच गाडीत चढलो. उशीर चालेल म्हणून पहिली गाडी सोडली, दुसरीला जागा मिळाली. कुर्ला गेल्यावर डबा उघडला : दोन थालीपीठं, लसणाची चटणी, दही. दही ही चूक होती. घाटकोपरचा लोंढा आत आला आणि वाटी समोरच्याच्या बॅगेवर. माणूस भला, म्हणाला, "राहू द्या, पण चटणी कशाची?" त्यालाही एक तुकडा गेला. ठाण्याच्या आत जेवण संपलं. सात वाजून दहा मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी फक्त ताक. पहिले चार दिवस नऊला पोटात खड्डा पडायचा, पोराच्या ताटातला भात उचलायचो. आता पडत नाही. आवरून झोपायला पावणेअकरा होतात, साडेदहा नाहीच. कटिंग साडेतीनला शेवटचा. वडापाव आठवड्यात दोन. तीन आठवड्यांत सहा वेळा सगळं फसलं, त्यात दोन लग्नं आणि एक मेगाब्लॉक. एचबीए१सी तीन महिने झाल्याशिवाय करू नका म्हणालेत, तेव्हा आकडा नाही. सकाळी गजराच्या आधी जाग येते, तेवढं लिहितो.

त्यामुळे 'जमत नाही' हे माझं मूळ म्हणणं निम्मं परत घेतो. उरलेलं निम्मं ठेवतो, कारण उभ्याने प्रवास करणाऱ्याने डबा कुठे उघडायचा?

कुकरची_शिट्टी (रात्री ९:५५)

अभिनंदन. थालीपीठं कोणी थापली?

बदलापूर_लोकल (रात्री १०:२०)

सोमवारी तिने. मंगळवारपासून फुटाणे-दाणे आणि केळं, ते मी भरतो. गेल्या रविवारी थापायला बसलो होतो, तीन तव्यावरच फाटली. चौथं निघालं. झोपतो आता, पावणेअकरा व्हायला आले.