यश वाढलं की प्रार्थना आखूड होते. यावर रोजच्या रोज करता येईल असं काय आहे?

ओंजळ
प्रभूमध्ये सलाम. नोकरी गेली, आजारपण आलं की गुडघे आपोआप टेकतात. पण धंद्याची घडी बसली, बढती मिळाली, मंडळीतही (चर्चमध्येही) लोक मान देऊ लागले, की प्रार्थना जेवणाआधीच्या दोन ओळींवर येते. देव नको असं कुणीच म्हणत नाही, फक्त त्याच्यावाचून अडेनासं होतं. 'नम्र राहा' हे उपदेशात ऐकून ऐकून पाठ झालंय. मला नेमकं हवंय: दिवसात कधी, किती वेळ, काय करायचं? आणि गर्व चढतोय हे ज्याचं त्याला वेळेत कळावं कसं?

खुरपं
सलाम. शेवटचा प्रश्न आधी घेतो, तो सुटल्याशिवाय बाकीचं व्यर्थ.

बायबलच्या जुन्या करारातलं २ इतिहास, अध्याय २६ सावकाश वाचा. उज्जीया सोळाव्या वर्षी यहूदाचा राजा झाला, बावन्न वर्षं राज्य केलं. शेतीची आवड होती, विहिरी खणल्या, यरुशलेमेत बुरूज बांधले, ३,०७,५०० सैन्य उभं केलं, बाण आणि मोठाले धोंडे फेकणारी यंत्रं बुरुजांवर बसवली. पाचवं वचन म्हणतं, तो परमेश्वराला शोधत होता तोवर देवाने त्याची भरभराट केली. पंधराव्यात तो बलाढ्य झाला. सोळाव्यात मन उन्मत्त झालं. मध्ये एका ओळीचंही अंतर नाही.

आता तो घसरला कुठे ते बघा. थेट मंदिरात! धूप जाळणं हे याजकांचं, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांचं काम, ते करायला हा आत शिरला. मुख्य याजक अजऱ्या आणि आणखी ऐंशी याजक आडवे आले, तेव्हा हातात धुपाटणं तसंच धरून तो संतापला आणि तिथेच कपाळावर कोड उठलं (वचन १९). भक्ती चालूच होती हो त्याची. 'इथून बाहेर जा' हे ऐकून घेणं तेवढं संपलं होतं.

म्हणून पहिली खूण रागात शोधा. कुणी चूक दाखवली की पहिल्या दहा सेकंदांत आत काय उसळतं? 'हा कोण मला सांगणारा?' असं आलं, तर समजा.

उपाय म्हणाल तर अशी दोन माणसं गाठा ज्यांचं पोट तुमच्यावर अवलंबून नाही. हाताखालचा माणूस नको. तुमच्या देणगीवर ज्याचं काम चालतं तोही नको, मग तो मंडळीचा पाळक का असेना. महिन्यातून एकदा, तासभर, तीनच विषय: पैसा, राग, घरातलं वागणं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत खुलासा द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड. आणि पुढची तारीख उठण्याआधी ठरवा. 'फोन करू' वर सोडलं की हे बारगळतंच.

समई
वेळेचं मी सांगते. सोळाव्या शतकात जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत कुठल्याही पंथाच्या माणसाला वापरता येते. रात्री पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने उलगडणं, मग क्षमा, शेवटी उद्यासाठी निश्चय. माझ्या मते निश्चय एकच असावा.

आभारात 'सगळ्यासाठी धन्यवाद' चालणार नाही. आज मिळालेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कुणाच्या हातून आली त्याचं नाव. १ करिंथ ४:७ मध्ये प्रेषित पौल विचारतो की तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय. त्याचं उत्तर असं कागदावर येतं. तिसऱ्या गोष्टीपुढे नाव सुचायला वेळ लागतो, तो लागू द्या.

इग्नेशियसचीच दुसरी रीत कमी लोकांना ठाऊक असते. एकच दोष निवडायचा. वहीत सात दिवसांच्या ओळी आखायच्या, दर दिवसाला दोन: एक दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. जितक्या चुका तितके ठिपके. मग ओळ ओळीशी, दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून बघायचा. 'नम्रता कमी पडली' असला मोघम दोष घेऊ नका, मोजता येत नाही. 'दुसऱ्याचं श्रेय माझ्या नावावर सांगितलं' असा घ्या.

मोठ्या निर्णयाआधी याकोबाच्या पत्रातलं ४:१५ आठवा. 'प्रभूची इच्छा असेल तर' हे पत्राखाली टाकायला ठीक, पण सही करण्याआधी लिहा: देवाने 'नको' म्हटलं तर मी काय सोडायला तयार आहे? कागद कोरा राहिला तर निर्णय आधीच झालाय आणि देवाकडून फक्त शिक्का हवाय. मग निदान एक रात्र जाऊ द्या.

कुंपण
समईताई, आभारांबद्दल थोडं वेगळं मत. लूक १८ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, तोसुद्धा आभारच मानत होता! आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश, हिशेबात खोट नाही. बिघडलं ते 'इतर माणसांसारखा मी नाही' या शब्दांनी. तेव्हा त्या यादीत 'इतरांपेक्षा' आलं की ती ओळ खोडा.

खोटी नम्रता तर फारच बोकाळलीय. कौतुक झालं की 'छे, मी कुठे, सगळं प्रभूचं' म्हणायचं आणि पुढची पाच मिनिटं स्वतःबद्दलच बोलायचं. निर्गम ३१ मध्ये देव बसालेल या कारागिराचं नाव घेऊन सांगतो की सोनं, रुपं, पितळ घडवायचं कसब मी त्याला दिलं. कसब नाकारलं तर देणगीच नाकारली. 'आभारी आहे, यात अमक्याचं काम मोठं' एवढं म्हणा आणि गप्प बसा.

देवावर भिस्त म्हणजे नियोजन सोडणं, हा आणखी एक घोळ. उत्पत्ती ४१:१६ मध्ये योसेफ मिसरच्या राजाला, फारोला, सांगतो की स्वप्नाचा अर्थ सांगणं माझ्याच्याने होणारं नाही, देवच उत्तर देईल. अठरा वचनांनंतर तोच सुगीच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा काढून ठेवायला सांगतो.

दानाचं म्हणाल तर उत्पन्न वाढलं की टक्काही वाढवा, आणि नावाची पाटी लागणार असेल तिथे देऊ नका.

ओंजळ
तिघांचेही आभार. एक शंका राहिली. ठिपके कमी झाले म्हणून 'मी किती सुधारलो' असं वाटू लागलं तर?

समई
वाटतंच. म्हणून आकडा कुणाला सांगायचा नाही, मंडळीत साक्ष देतानाही नाही. आणि आठवडाभर ओळी कोऱ्याच दिसल्या तर आधी घरच्यांना विचारा. त्यांच्याकडे वही नसते, पण मोजदाद पक्की असते.