आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आणि चवथ

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितेय. नेहमीसारखी चवथीला म्हणून रजा टाकून आले, पण यंदा घरात वेगळंच चाललंय. आईच्या डाव्या स्तनात गाठ आहे. आंघोळ करताना तिच्या हाताला लागली आणि मी येईपर्यंत तिने कुणाकडे चकार शब्द काढला नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली, मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सुईने तुकडे काढून घेतले. रिपोर्ट चवथीच्या तोंडावर येईल. मॅमोग्राफीच्या कागदावर 'बायरॅड्स ४' असं लिहिलंय. रात्री झोप लागत नाही, मग त्या एका ओळीचा अर्थ मी मोबाइलवर शोधत बसते.

दादाचं म्हणणं असं की रिपोर्ट आम्ही दोघांनीच आणायचा आणि चवथ होईपर्यंत आईला काही सांगायचं नाही. आमचा गणपती दीड दिवसाचा. कांगलां, आंबाडे, सुपारीचे शिपटे, सगळं स्वतः निवडून आई माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधून घेते, वर्षभर वाट बघते या दिवसाची. तो तिचा सण जपू पाहतोय, हे मला दिसतं. पण परवा नेवऱ्यांचं सारण ढवळताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हाका कळपाक जाय. पयलीं म्हाका." मला कळायला हवं, आधी मला. त्यावर पुढे काही बोलली नाही.

मावशीला तर आधी देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायचा होता, उजवी पाकळी पडली तरच सुई टोचायची म्हणून. आईने सांगितलं, प्रसाद घेऊ या, पण सुई झाल्यावर. फार बरं वाटलं मला.

तुमच्यातल्या कुणी असे दिवस काढलेत का? दादाला काय सांगू?

फोंड्याहून, तुमची

*

अगं बाळा,

मी पॅथॉलॉजीत काम करते हे तुला माहीत आहे, म्हणून आधी माझ्या बाजूचं सांगते. आईचे तुकडे फॉर्मालिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, गेले असतील. तिथे त्यांना काही तास, बहुधा रात्रभर, राहू द्यावंच लागतं. घाई केली तर पेशी नीट टिकत नाहीत आणि पुढच्या तपासण्या बिघडतात. मग त्यांच्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचं, त्या मेणाचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, काचेवर चढवून रंगवायचे. त्यानंतर कुठे कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. शंका आली तर आणखी काप, आणखी रंग, दुसऱ्या डॉक्टरची नजर. हे साध्या गाठीतही होतं. म्हणून रिपोर्ट लांबला तर 'नक्की काहीतरी वाईट आहे' असा अर्थ घरात कुणीही काढायचा नाही.

'बायरॅड्स ४' म्हणजे 'सुईने तपासून घ्या', एवढंच. त्यात कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते, इतका तो रुंद गट आहे. पुढे ए, बी किंवा सी लिहिलंय का बघ. ए असेल तर १० टक्क्यांच्या आत, बी १० ते ५०, सी त्याच्या वर. नसेल लिहिलं तर डॉक्टरांना विचार.

इंटरनेटवर तुला 'पाचातल्या चार बायॉप्सी साध्या निघतात' हेही दिसलं असेल. अमेरिकेपुरतं ते खरं आहे. पण तिथे पुष्कळशा बायॉप्सी नेमाने केलेल्या मॅमोग्राफीत दिसलेल्या बारीक खुणांच्या असतात. पाळी गेलेल्या बाईच्या हाताला लागलेल्या गाठीला तो आकडा जसाच्या तसा लावू नकोस. घाबरवण्यासाठी नाही सांगत. खोट्या धीरावर आठवडा काढला की रिपोर्टच्या दिवशी तो धीर फार महागात पडतो.

मावशीला सुईने रोग पसरण्याची भीती असेल तर सांग, सुईमुळे रुग्णाचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. उलट ऑपरेशन आधी की औषध आधी, हे ठरवायला तो तुकडाच लागतो. जागा काळी-निळी पडेल, थोडी दुखेल. सूज वाढत गेली, ताप आला किंवा रक्त थांबेना तर मात्र चवथ आहे म्हणून थांबू नका.

दादाला सांग की चवथीच्या दोन-चार दिवसांनी आजारात फरक पडत नाही, हे त्याचं बरोबर आहे. म्हणून तर ते दिवस कसे घालवायचे हे आईने ठरवावं. रिपोर्ट चवथीनंतर ऐकायचा असं तीच म्हणाली तर तसंच करा. पण ते तिने म्हणायला हवं.

डॉक्टरकाकू

*

काकूंच्या शेवटच्या ओळीला माझं दोन्ही हात वर करून अनुमोदन.

माझी गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाली, साधी. पण ती साधी आहे हे कळेपर्यंतचे दिवस काही साधे नव्हते. इथे अमेरिकेत एप्रिल २०२१ पासूनच्या नियमाने रिपोर्ट तयार झाला की थेट आपल्या पोर्टलवर येतो, डॉक्टरांचा फोन यायच्या आधीच. माझा आला तेव्हा मी बहिणीला फोन लावला आणि ती लाइनवर असताना उघडला. एकटीने उघडायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

सगळ्यात जड गेलं ते लोकांचं "काही होणार नाही गं". त्या वाक्यानंतर बोलायला जागाच उरत नाही. बहीण मात्र रोज एवढंच विचारायची, "आज कसली भीती वाटतेय?" कधी ऑपरेशनची असायची, कधी मुलाच्या परीक्षेची, कधी नुसती केस जाण्याची. ती ऐकून घ्यायची, खोडून काढायची नाही.

आणि दादाला आमच्या सासूबाईंचं सांग. मडगावला त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण घरात त्यांच्याशी कुणी भांडेनासं झालं. मग आम्ही त्यांना माहीत नाही असं दाखवायचं, त्यांनी आम्हाला कळू द्यायचं नाही, असे महिने गेले. त्यांना भीती होती ती होतीच, वर आमच्यासाठी नाटक. हे मला आजही सहन होत नाही.

एक करा. नातेवाईकांचे सगळे फोन दादाने घ्यायचे. त्याला काहीतरी करायचं आहे ना, मग हे फार मोठं काम आहे. चवथीला येणारा प्रत्येक जण आईला बाजूला घेऊन विचारणार, ते त्याने दारातच अडवायचं.

मडगावच्या वहिनी

*

काकू, वहिनी,

दोन्ही पत्रं दादाला वाचून दाखवली. सासूबाईंचं ऐकल्यावर तो उठून बाहेर गेला, परत आला आणि सरळ आईपाशी जाऊन विचारलं, रिपोर्ट कधी ऐकायचा? आई म्हणाली, येईल त्या दिवशी. चवथ आपल्याला ठाऊक आहे, ती होईल, पण डोक्यात हे असताना माझ्याने धड सोवळ्यातला स्वयंपाकसुद्धा होणार नाही.

तेव्हा बांबोळीला तिघं जाणार. आईने स्वतः विचारायचे प्रश्न तिच्या रेशनच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेत: गाठ काढायची का, स्तन ठेवता येतो का, मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का. माझा एक आहे, कर्करोग निघालाच तर कुठलं औषध चालेल ते ठरवणाऱ्या हार्मोन आणि हर-टू या प्रथिनाच्या तपासण्या याच तुकड्यावर होतील ना, की पुन्हा सुई? काकू, याचं उत्तर आधी कळलं तर बरं, तिला पुन्हा सुई म्हटलं की अंगावर काटा येतो. कागद तपासला, ४ बी आहे. तिलाही सांगितलं. "म्हणजे अर्धंअर्धं," म्हणाली. मी म्हटलं, अर्ध्याच्या आतलं.

रात्री अजून जाग येतेच, तिलाही. आता ती माझ्या खोलीत झोपायला येते आणि भीती वाटली की मला उठवते. माझी रजा मी वाढवून घेतली आहे. मंडळाच्या गणपतीच्या प्रसादाची जबाबदारी माझ्याकडे होती, ती कुणीतरी घ्या, यादी वेगळी पाठवते.

फोंड्याहून, तुमची

*

बाळा, नेहमी त्याच तुकड्यावर होतात. क्वचित नमुना अपुरा पडला तरच पुन्हा लागतो. हर-टूचं उत्तर मधलंच आलं तर त्याच मेणाच्या ठोकळ्यावर आणखी एक तपासणी करतात, त्याला काही दिवस जास्त लागतील, हे आईला आत्ताच सांगून ठेव. प्रसादाचं मी बघते.

डॉक्टरकाकू